कुणी सांगितलं होतं ओव्हनमध्ये वांगी भाजायला?

पाच वांगी. एक नाही, दोन नाही, पाच! तीही आपली भरिताची, हिरवीगार, एकेक अर्ध्या किलोची. देठासकट तेल चोपडलं, एकालाही सुरीचं टोक लावलं नाही, खाली ट्रे ठेवला नाही. थेट जाळीवर मांडली, बटण फिरवून २५० अंशांवर नेलं आणि आमचे भाऊजी मित्रांना घेऊन गच्चीवर पत्ते कुटायला निघून गेले.

मी बाजारातून आले तेव्हा जिन्यापर्यंत धूर होता. तीन वांगी फुटली होती. गर वरच्या पत्र्याला चिकटलेला, बिया वरच्या रॉडवर बसून कोळसा झालेल्या, आणि तेल मिसळलेला रस खालच्या रॉडवर ठिबकून तिथंच जळत होता. दाराच्या काचेवर वांग्याच्या सालीचा एक अख्खा तुकडा वाळून चिकटलेला. आणि एवढं करून ताटावर बसल्यावर म्हणतात काय, "वहिनी, भरिताला तो काड्यांचा वास नाही आला बघा."

कसा येईल? ज्या जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजतात हे मी सांगायचं? शेत पाच किलोमीटरवर. काड्यांचा ढीग बांधावर पडलेला. भरीत ठेचायची लाकडी बडगी घरात, मुसळ घरात. पण नाही. "ओव्हन आहे ना घरात, मग कशाला जाळ करायचा!"

तो ओव्हन घरातला नाही, माझा आहे. नानकटाई विकून, पैसे साठवून मी घेतलाय. भरीत खाल्लं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी मीच थापल्या, हात धुतले, सगळे गेले. आणि मंगळवारी द्यायची चार किलो नानकटाईची ऑर्डर माझ्या डोक्यावर. नानकटाई फार हळवी असते हो. तुपाला आजूबाजूचा वास लगेच लागतो. जळक्या वांग्याच्या वासाची नानकटाई कुणाला देऊ मी?

मग रविवारी रात्री मोबाइल उघडला. 'फक्त दोन वस्तू, दहा मिनिटांत ओव्हन चकाचक.' सोडा भुरभुरा, वर व्हिनेगर ओता, फेस येऊ द्या, पुसून घ्या. त्या बाईच्या हातात बांगड्या, नखं रंगवलेली, आणि ओव्हन असा की त्यात कधी पापडसुद्धा भाजला नसावा. तिनं पुसलं की लखलख. मी अख्खी बाटली ओतली. फेस काय आला, विचारू नका! घासलं. फडक्याला जरासा पिवळा रंग लागला. डाग होता तिथंच, तसाच, काळाकुळकुळीत.

दुसरी बाटली आणली. परत फेस. परत तेच.

तेव्हा माझं डोकं फिरलं, कारण हे मला कळायला हवं होतं आणि त्या व्हिडिओवाल्यांनाही. शाळेत सगळ्यांनी केलाय हा प्रयोग. सोड्यावर आम्ल टाकायचं, वायू निघतो, तो चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधाळ होते. तोच कार्बन डायऑक्साइड. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल, दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि मागे उरतं थोडं क्षार मिसळलेलं पाणी. त्या पाण्यानं जळकं तेल निघतं का? तेल तापून तापून पत्र्यावर रोगणासारखं बसलेलं असतं, नख लावलं तर नख तुटतं. त्याला काही धरायचंच असेल तर सोड्यानं धरायचं, आणि तुम्ही त्या सोड्यालाच व्हिनेगर ओतून संपवता! लाखो लोक बघतात हे. लाखो बायका रात्री अकरा वाजता गुडघ्यावर बसून घासतात आणि आपलंच काही चुकलं असेल म्हणून परत घासतात. संताप येतो मला याचा.

आणि सल्ले! 'लिंबाच्या फोडी वाटीभर पाण्यात घालून तापवा.' अहो, ते मायक्रोवेव्हमधल्या ताज्या शिंतोड्यांना ठीक आहे, वाफेनं मऊ पडतात. २५० अंशांवर जळलेल्या रॉडखालच्या थराला लिंबाचा वास देऊन काय होणार? एकीनं टूथपेस्ट सांगितली. एकीनं चक्क सांगितलं, व्हिनेगरमध्येच थोडं ब्लीच घाल. ही तर हद्द झाली. ते दोन एकत्र केले की क्लोरीन सुटतो, बंद स्वयंपाकघरात माणूस गुदमरेल. सांगताना जरा तरी विचार करा!

सोडा म्हणजे कोणता सोडा, हेही एकजण धड सांगत नाही. मागच्या दिवाळीत मी किराणा दुकानात 'सोडा द्या' म्हटलं, त्यानं धुण्याचा दिला. खायच्या सोड्याचा पीएच जेमतेम ८च्या वर, धुण्याचा ११च्या आसपास. तो तेलाला जास्त धरतो हे खरं, पण माझा अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे त्यात रात्रभर बुडवला आणि सकाळी काळा ठिक्कर पडला. साडेतीनशे रुपयांचा ट्रे. ओव्हनबरोबर आलेल्या पुस्तिकेत कुठं लिहिलंय का हे? सात भाषा आहेत तिच्यात, मराठी नाही. आणि सर्व्हिस सेंटरला फोन केला तर तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, ओल्या कपड्यानं पुसा." ओल्या कपड्यानं!

आमचे हे म्हणाले, "कामाला येणाऱ्या मावशींना सांग ना." का? त्यांनी भाजली होती वांगी? ज्यानं घाण केली त्याच्या हातात घासणी द्यायची, हे या घरात कुणाच्याच तोंडून निघत नाही. सासूबाईंनी तेवढं शहाणपणाचं सांगितलं. म्हणाल्या, "अवं माय, राख लाव ना." बरोबरच होतं ते. लाकडाच्या राखेत अल्कली असते, म्हणून तर आयुष्यभर त्यांनी राख आणि नारळाच्या शेंडीनं तेलकट कढया काढल्या. पण गॅस आल्यापासून आमच्याकडे चूल कुठं पेटते? आणि राखेनं ओव्हनच्या पत्र्यावर चरे पडले असते, ते वेगळंच.

शेवटी काय केलं ते सांगते, कारण कुणीतरी सरळ सांगायला हवं. प्लग काढला. ओव्हन पूर्ण गार होऊ दिला. नुसता खायचा सोडा, त्यात दोन-तीन चमचे पाणी, चटणीइतकी घट्ट पेस्ट. व्हिनेगरचा थेंबही नाही. रॉड सोडून सगळीकडे लिंपली. रॉडला ओलं काही लावायचं नाही, म्हणजे नाही. रात्रभर तशीच ठेवली. सकाळी पेस्ट चॉकलेटी झाली होती. जुन्या सिमकार्डाच्या प्लास्टिकनं खरवडली तर त्या रोगणाच्या पापुद्र्यासारख्या सालपटी निघायला लागल्या. सगळ्या नाही. अर्ध्या. मग दुसरी रात्र, दुसरा लेप. जाळी टबात कडकडीत पाणी आणि धुण्याचा सोडा घालून बुडवली, ती स्टीलची आहे म्हणून. पाणीही जपून, कारण आमच्या गल्लीत नळ चार दिवसांनी येतो. सगळं निघाल्यावर मागे सोड्याची पांढरी पूड राहते, ती पुसायला शेवटी व्हिनेगरचं फडकं. व्हिनेगरचं काम एवढंच. दहा मिनिटं नाही, दोन रात्री आणि दोन सकाळी.

रिकामा ओव्हन अर्धा तास तापवला तेव्हाही मागच्या उजव्या कोपऱ्यातून धूर आला. तिथं हात पोचत नाही. मी ऑर्डरवाल्या ताईंना फोन करून गुरुवारपर्यंत मुदत मागितली. सहा वर्षांत पहिल्यांदा. त्या 'हो' म्हणाल्या, पण बोलताना माझा गळा दाटून आला.

आणि काल रात्री भाऊजींचा फोन. "वहिनी, पुढच्या रविवारी वरण-बट्टी करू. बट्टी तुमच्या ओव्हनमध्ये मस्त होईल, तूप सोडून भाजू."

मी सांगितलं, बट्टी भाजायची तर अंगणात, गोवऱ्यांवर. गोवऱ्या तुम्ही आणायच्या. आणि येताना एक अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे, व्हिनेगरच्या दोन बाटल्यांचे पैसे आणि दोन रिकामे हात घेऊन या. मागचा उजवा कोपरा अजून बाकी आहे.