गाणं स्वतः लिहिलंय का म्हणे!

चाळिशी उलटून गेली तरी गाडीत मी बॅकस्ट्रीट बॉईज लावतो, म्हणजे पाच पोरांचा तो अमेरिकन पॉप बँड. मोठ्याने. सिग्नलला शेजारी बुलेटवाला येऊन थांबला तरी काच वर करत नाही. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या आणि मग पुढचं वाचा.

त्यांचा 'मिलेनियम' हा अल्बम आला मे १९९९ मध्ये. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात ११ लाखांवर प्रती खपल्या. आमच्या सोलापुरात पोरं एकाच कॅसेटवरून कॉपी मारून घ्यायची, त्यामुळे खपाच्या आकड्यात आमचा वाटा शून्य. घरात तोवर भावगीतं, नाट्यगीतं आणि हिंदी सिनेमा. इंग्रजी गाणं म्हणजे धांगडधिंगा, हे वडिलांचं ठाम मत. त्यांना काही पटवायच्या भानगडीत न पडता मी वॉकमन कानाला लावला.

आणि पहिल्यांदा कळलं की एकाच वेळी पाच माणसं पाच वेगळ्या वाटांनी गाऊ शकतात. आपल्याकडे कोरस म्हटला की बहुतेक वेळा सगळे एकाच चालीवर. (सलील चौधरी अपवाद, पण सोळाव्या वर्षी मला सलीलदा कुठले माहीत?) इथे ब्रायन आणि निक मुख्य चाल गातात, एजेचा आवाज जरा खरखरीत, हाउई वर पातळ आवाजात तरंगतोय आणि केविन खाली खर्जात. मी एकेक आवाज धरून तेच गाणं पुन्हा पुन्हा ऐकायचो. एकदा फक्त हाउई, एकदा फक्त केविन. रिवाइंड करून करून फीत चुरगळायची, मग पेन्सिल घालून गुंडाळत बसायचं. गाणं कसं ऐकावं हे मला यांनी शिकवलं. उलटं वाटेल, पण नंतर शास्त्रीय संगीत ऐकायला लागलो तेव्हा मागचा तंबोरा वेगळा ऐकू यायचा, तो याच सवयीने.

मग इंजिनीअरिंगचं हॉस्टेल. तिथे भिंतींवर मेटॅलिका आणि पिंक फ्लॉइड, सगळे रॉकवाले. बॅकस्ट्रीट बॉईज ऐकणारा मुलगा म्हणजे रात्रीच्या टवाळीचा विषय. आरोप ठरलेले: ही पोरींची गाणी, हे लोक वाद्य वाजवत नाहीत, गाणी स्वतः लिहीत नाहीत, म्हणजे सगळं खोटं.

यातल्या पहिल्या आरोपावर वेळ घालवत नाही. मुलींना जे आवडतं ते हलकं, असं मानणाऱ्याशी काय वाद घालणार?

बाकीच्या आरोपांचं मात्र मला अजून नवल वाटतं. हे म्हणत कोण होतं, तर लता, रफी, आशा ऐकत वाढलेली पोरं! 'केव्हातरी पहाटे' सुरेश भटांनी लिहिलं, हृदयनाथांनी चाल बांधली, आशाताई गायल्या. कुणी म्हणालं का कधी, की बाईंनी ते स्वतः लिहिलेलं नाही, सबब खोटं? लताबाईंनी 'आनंदघन' या नावाने चाली दिल्या हे खरं, पण आपण त्यांना त्यासाठी देव्हाऱ्यात बसवलेलं नाही. लिहिणारा लिहितो, बांधणारा बांधतो, गाणारा गातो, आणि गळ्यातून उमटलं ते खरं की खोटं हे आपला कान ठरवतो. आपली सगळी सुगम गाण्यांची दुनिया यावर उभी आहे. 'स्वतः लिही, स्वतः वाजव, तरच तू अस्सल' ही रॉकवाल्यांची फूटपट्टी. त्यांना ती लखलाभ. आम्ही ती उसनी आणली आणि फक्त इंग्रजी गाण्यांना लावली. रफीसाहेबांना लावायची कुणाची छाती नव्हती.

आणि गंमत बघा. बॅकस्ट्रीट बॉईजचं 'आय वाँट इट दॅट वे' लिहिणारा मॅक्स मार्टिन हा स्वीडनमधल्या एका मेटल बँडचा गायक होता. डेनिझ पॉप या निर्मात्याने त्याला स्टॉकहोमच्या शेरॉन स्टुडिओत आणलं. आंद्रेयास कार्लसनबरोबर लिहिलेल्या त्या गाण्याचे शब्द नीट जुळत नाहीत, त्यातलं 'दॅट' म्हणजे नक्की काय हे शेवटपर्यंत लागत नाही. अर्थ लागावा म्हणून शब्द बदलून दुसरी आवृत्तीही ध्वनिमुद्रित झाली होती. गाणाऱ्यांनीच जुनी ठेवायला लावली, आणि बरोबर केलं. आधी चाल, मग तिच्यावर बसतील असे शब्द, हे हिंदी सिनेमावर पोसलेल्या माणसाला नवीन आहे का? शेवटी पट्टी चढते तेव्हा अर्थ कोण विचारतो!

हे पाच जण एका धंदेवाईक माणसाने ऑरलँडोत एकत्र आणले, तेही १९९३ मध्ये चाचण्या घेऊन, हे मला मान्य आहे. तो माणूस म्हणजे लू पर्लमन. पोरांच्या कमाईत तो सहाव्या सदस्याचा हिस्सा लाटत होता. पोरांनी त्याला कोर्टात खेचलं. पुढे तो भलत्याच, ३० कोटी डॉलरवरच्या गुंतवणूक घोटाळ्यात २५ वर्षांसाठी तुरुंगात गेला आणि २०१६ मध्ये तिथेच मेला. यात खोटा होता तो पर्लमन. मे १९९८ मध्ये ब्रायन हृदयाची शस्त्रक्रिया करून काही आठवड्यांत पुन्हा दौऱ्यावर उभा राहिला, ते काय नाटक होतं?

मे २०२३ मध्ये बॅकस्ट्रीट बॉईज मुंबईत बीकेसीला आले. मी गेलो. मे महिन्यातली मुंबई, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि आजूबाजूला माझ्याच वयाची पोटं सुटलेली माणसं पाठ असलेले शब्द ओरडतायत. केविनने पन्नाशी ओलांडलेली. नाच पूर्वीइतका चपळ नव्हता. सूर जागेवर होते, माझं काम झालं.

आता घरात नवी आघाडी उघडली आहे. मुलगी बीटीएसवाली, म्हणजे त्या कोरियन पॉप बँडची भक्त. परवा म्हणाली, "बाबा, आमचे लोक स्वतः लिहितात. तुमच्यासारखे दुसऱ्यांचं गात नाहीत." घ्या! पुन्हा तीच फूटपट्टी, या वेळी कोरियामार्गे. तिला आशाताईंचं उदाहरण दिलं, तर म्हणते त्या लेजंड आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. वेगळी कशी ते विचारलं, तर हेडफोन लावून आत गेली. वाद चालू आहे. अट म्हणून मी बीटीएसची एक अख्खी यादी ऐकली. त्यातली दोन गाणी मला आवडली, पण हे तिला एवढ्यात सांगणार नाही.

आणि हो, निक की ब्रायन असं विचारायला येऊ नका. केविन. २००६ मध्ये तो बाहेर पडला तेव्हा बऱ्याच लोकांना फरक जाणवलाही नाही. पुढच्या वर्षीचा 'अनब्रेकेबल' चौघांनी केला, गाणी वाईट नव्हती, पण खालचा मजला रिकामा होता. २०१२ मध्ये तो परत आला. खात्री करायची असेल तर चांगले इअरफोन घ्या आणि मुख्य आवाज सोडून ऐका.