द्वेष निष्ठेचे रूप घेतो तेव्हा

इंदूरच्या तुरुंगात २००२ साली, राखीपौर्णिमेच्या सुमारास, सिस्टर सेल्मी पॉल यांनी समुंदर सिंग नावाच्या कैद्याच्या मनगटावर राखी बांधली. या कैद्याने २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्यांच्या सख्ख्या बहिणीचा, सिस्टर राणी मारिया यांचा, खून केला होता. राणी मारिया मूळच्या केरळातील पुल्लुवळी गावच्या आणि फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या धर्मभगिनी होत्या. मध्य प्रदेशातील उदयनगर परिसरात त्या आदिवासींना एकत्र आणत होत्या, बचत गट बांधत होत्या आणि सावकाराच्या दारात न जाता कर्ज कसे मिळवावे हे शिकवत होत्या. ज्यांचे पोट त्या सावकारीवर चालत होते त्यांना हे सहन झाले नाही आणि त्यांनी ऐन विशीतल्या एका तरुणाला पुढे केले. इंदूरला निघालेल्या बसमध्ये, प्रवाशांच्या डोळ्यांदेखत, त्याने सुऱ्याने ५० हून अधिक वार केले. मदतीला कोणी पुढे आले नाही. शेवटपर्यंत त्या येशूचे नाव घेत होत्या.

राखी बांधल्यानंतर पुढच्या वर्षी राणी मारियांच्या आई तुरुंगात गेल्या आणि त्यांनी समुंदर सिंगचे हात हातात घेऊन त्यांचे चुंबन घेतले. आपल्या मुलीचे रक्त या हातांना लागलेले आहे, असे त्या म्हणाल्या होत्या. कुटुंबाने आणि धर्मसंघाने त्याच्या सुटकेसाठी विनंती केली, आणि जन्मठेप भोगत असलेला हा माणूस २००६ मध्ये बाहेर आला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे चर्चने राणी मारियांना 'धन्य', म्हणजे संतपदाच्या अलीकडच्या पायरीवरील व्यक्ती, घोषित केले.

ही हकिकत मी जेव्हा जेव्हा सांगतो तेव्हा ऐकणारे बहुधा असे म्हणतात की ही संतांची गोष्ट आहे, आपल्यासारख्यांचे ते काम नव्हे. मला हे उत्तर पटत नाही, कारण ते ऐकायला नम्र वाटले तरी त्यातून आपण स्वतःला मोकळे करून घेतो. शुभवर्तमानात, म्हणजे येशूचे जीवन व शिकवण सांगणाऱ्या बायबलमधील ग्रंथांत, क्षमेची आज्ञा काही निवडक लोकांना वेगळी दिलेली नाही. ती ज्या प्रार्थनेत आहे ती प्रार्थना आपल्यातले लहान मूलही रोज म्हणते, आणि त्या प्रार्थनेत क्षमा ही एकच मागणी अशी आहे की जिच्यासोबत आपण आपली स्वतःची अट घालून देतो: आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो, तशी तू आम्हांला कर. प्रार्थना शिकवून झाल्यावर येशूने पुन्हा विवरण केले ते एवढ्याच वाक्याचे. बाकीच्या मागण्यांचे त्याने तेथे असे विवरण केले नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात हे सर्वांना वाचता येईल.

मला आज मुख्यतः एका गोष्टीविषयी लिहायचे आहे. द्वेषाचा आत्म्याला असलेला सर्वांत मोठा धोका हा की तो पापासारखा दिसत नाही. चोरी करणाऱ्याला आपण चोरी करतो आहोत हे ठाऊक असते, व्यभिचार करणारा तो लपवतो. पण द्वेष करणाऱ्याला मात्र आपण कोणाची तरी बाजू घेत आहोत, कोणाशी तरी इमान राखत आहोत असे वाटत राहते. ज्याचे माणूस मारले गेले आहे त्याला वाटते की मी राग सोडला तर मी माझ्या मृत माणसाला सोडल्यासारखे होईल. ज्याच्या आईबापांचा अपमान झाला आहे तो मुलगा तो अपमान वारसाहक्काने जपतो आणि त्यालाच मातृपितृभक्ती समजतो. म्हणूनच पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली द्यायला, गेल्यावर आपल्या तोंडून रागाची, खोटे बोलण्याची, मिस्सा (चर्चमधील सामूहिक उपासना) चुकवल्याची कबुली सहज येते, पण 'मी अमुक माणसाचा द्वेष करतो' हे वाक्य येत नाही, कारण त्याची टोचणीच लागलेली नसते. योहानाने आपल्या पहिल्या पत्रात, जो आपल्या बंधूचा द्वेष करतो तो मनुष्यघातक आहे, असे जे लिहिले ते अतिशयोक्ती म्हणून वाचण्याची आपल्याला सवय झाली आहे. तसे ते वाचू नये. दुसऱ्याचे वाईट व्हावे असे ठरवून इच्छिणे म्हणजे तो या जगात नसता तर बरे झाले असते, या विचाराशी केलेली सलगी होय, आणि चर्चची शिकवणही अशा जाणूनबुजून केलेल्या द्वेषाला पापच म्हणते.

संत ऑगस्टीन यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस असे निरीक्षण नोंदवले की माणूस आपल्या शत्रूला घाबरतो, पण त्या शत्रूविषयीचा जो द्वेष त्याच्या मनात पेटलेला असतो त्यापेक्षा अधिक इजा शत्रू त्याला करू शकत नाही. शत्रू फार तर घर, जमीन, शरीर हिरावून घेईल. द्वेष प्रार्थना हिरावून घेतो. ज्याच्या मनात एखाद्या माणसाविषयी पक्के वैर आहे त्याने डोळे मिटले की प्रथम तोच माणूस समोर येतो, देव मागे राहतो, आणि हळूहळू त्या व्यक्तीच्या अधःपतनाची वाट पाहणे हीच त्याची एक प्रकारची उपासना होऊन बसते. तिच्यावर आलेले संकट ऐकून मनाला जे बरे वाटते, त्याकडे क्षणभर प्रामाणिकपणे पाहिले तर अंगावर काटा यावा.

मत्तयच्याच अठराव्या अध्यायातील निर्दय चाकराचा दाखला या बाबतीत अत्यंत अचूक आहे: राजाने ज्याचे प्रचंड कर्ज माफ केले तो चाकर आपल्या सोबत्याचे देणे मात्र सोडत नाही. आणि त्यातल्या रकमांकडे आपले सहसा लक्ष जात नाही. राजाने माफ केलेले कर्ज दहा हजार तालांतांचे होते. एका तालांताचे सुमारे सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे धरले तर ते सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके होते, म्हणजे कोणत्याही माणसाला कधीही न फिटणारे. पण सोबतीचा चाकर जे देणे लागत होता ते शंभर दिनारांचे होते, आणि शंभर दिवसांची मजुरी ही क्षुल्लक रक्कम नव्हे. ज्याचे हातावर पोट आहे त्याला विचारावे. येशू असे म्हणत नाही की तुझे काही बुडालेच नाही, तू उगाच मनाला लावून घेतोस. तुझे नुकसान खरे आहे, घाव खरा आहे, हे मान्य करूनच तो पुढचे मागतो. क्षमेविषयी बोलणाऱ्या पुष्कळ प्रवचनांत हा भाग गळून पडतो, आणि मग ऐकणाऱ्या जखमी माणसाला वाटते की आपले दुःखच नाकारले जात आहे.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे, कारण क्षमेच्या नावाखाली आपल्याच लोकांनी पुष्कळ अन्याय झाकलेला आहे. नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेल्या स्त्रीला 'येशूने क्षमा केली, तूही कर आणि नांदायला जा' असे सांगणारा माणूस शुभवर्तमान सांगत नाही. तो मारणाऱ्याची सोय पाहतो. क्षमा करणे म्हणजे अपराध्याला पुन्हा तीच संधी देणे नव्हे, तक्रार मागे घेणे नव्हे, आणि ती दुसऱ्याने आज्ञा करून उकळण्याची वस्तू तर मुळीच नव्हे. ग्लॅडिस स्टेन्स यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ओडिशातील मनोहरपूर येथे जानेवारी १९९९ मध्ये त्यांचे पती ग्रॅहम आणि दहा व सहा वर्षांची फिलिप व टिमोथी ही मुले गाडीत झोपलेली असताना जमावाने जिवंत जाळली. ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले. त्याच वेळी कायद्याने आपले काम करावे, हेही त्या म्हणत राहिल्या. खटला चालला, मुख्य आरोपीला शिक्षा झाली आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची जन्मठेप कायम ठेवली. त्या स्वतः बारिपदा येथे कुष्ठरोग्यांची सेवा करत आणखी काही वर्षे राहिल्या. न्यायालयाने अपराधाचा निवाडा केला, आणि त्यांनी त्या अपराधाला आपल्या अंतःकरणात राज्य करू दिले नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात, किंबहुना व्हाव्यात.

क्षमा अपराध्याच्या पश्चात्तापासाठी थांबत नाही, हेही या घटनांतून दिसते. क्रुसावर येशूने 'हे बापा, त्यांना क्षमा कर' म्हटले तेव्हा खाली उभे असलेले सैनिक त्याची वस्त्रे वाटून घेण्यात गुंतले होते. कोणी हात जोडलेले नव्हते. ख्रिस्ती धर्माचा पहिला हुतात्मा स्तेफन याच्यावर दगड पडत असताना त्याने मारणाऱ्यांसाठी प्रार्थना केली, आणि त्या वेळी त्यांची वस्त्रे सांभाळणारा शौल नावाचा तरुण तेथे समाधानाने उभा होता. पुढे तोच प्रेषित पौल झाला. पश्चात्ताप क्षमेनंतर उगवू शकतो. समुंदर सिंगच्या बाबतीत तसेच घडले असे मला वाटते: आपल्याला कोणी भाऊ म्हणू शकते हे कळल्यावर त्याला आपण काय केले हे खऱ्या अर्थाने कळले.

आता हे सर्व आपल्या अंगणात आणून पाहावे. आमच्या वसईत कोणी कोणाला बसमध्ये भोसकलेले नाही, पण वाडीतल्या वाटेवरून, सातबाऱ्यावरच्या एका नावावरून, आईच्या आजारपणात कोणी किती खर्च केला यावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नाहीत. जमिनीचे भाव वाढले तशी ही वैरे वाढली. दोघेही रविवारी त्याच मिस्साला येतात, शांतीची खूण करताना हात जोडून एका बाजूला वळतात आणि दुसऱ्या बाजूला भाऊ बसलेला असेल तर वळत नाहीत, आणि त्यानंतर दोघेही ख्रिस्तप्रसाद (मिस्सात वाटली जाणारी पवित्र भाकर) घेतात. वेदीवर दान आणले असता भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करण्यास जावे, ही येशूची सूचना आपण पाठ केलेली आहे. ती पाळली तर कित्येक मिस्सा अर्ध्यावर थांबतील, आणि मला वाटते त्या थांबाव्यात. मुलांना मात्र सगळे दिसते. काकाच्या घरी जायचे नाही हे त्यांना कोणी न सांगता कळते, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलेल्या दाखल्यांपेक्षा हेच त्यांच्या मनावर अधिक खोल कोरले जाते.

राणी मारियांच्या कुटुंबाला येथवर पोहोचायला सात वर्षे लागली, आणि ती वाट त्यांनी एकट्याने चाललेली नाही. स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे एक धर्मगुरू तुरुंगात समुंदर सिंगला भेटत राहिले, त्याचे ऐकत राहिले, दोन्ही बाजूंमध्ये ये-जा करत राहिले. हे मध्यस्थाचे काम आपल्या धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) आज कोण करते? भाऊबंदकीच्या दाव्यांत वकील मिळतात, दलाल मिळतात, बिल्डरची माणसे तर न बोलावता येतात. दोन्ही घरांत पाऊल ठेवू शकेल असा विश्वासाचा माणूस मिळत नाही. प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत, आपण क्रुसाच्या वाटेच्या भक्तीची, उपवासाची, यात्रांची उत्तम व्यवस्था करतो. येत्या प्रायश्चित्तकाळात प्रत्येक धर्मग्रामाने फादर, एखादी सिस्टर आणि दोन-तीन जाणती, तोंड बंद ठेवू शकणारी माणसे मिळून अबोला धरलेल्या घरांकडे जावे, कागदपत्रांचा विषय न काढता फक्त ऐकून घ्यावे, अशी माझी सर्व धर्मगुरूंना आणि पॅरिश कौन्सिलच्या सभासदांना विनंती आहे. आणि ज्यांच्याकडे कोणी येणार नाही त्यांनी निदान रात्रीच्या प्रार्थनेत त्या माणसाचे नाव घ्यावे. त्याला सुबुद्धी व्हावी म्हणून नव्हे, तर त्याचे भले व्हावे म्हणून. सुरुवातीला शब्द घशातून बाहेर येणार नाहीत, तरीही नाव घ्यावे.