मॉरिशस घ्या ना, मॅडम

कालपासून माझं डोकं ठणकतंय. एका ट्रॅव्हल कंपनीच्या ऑफिसात मी मादागास्करची चौकशी करायला गेले आणि ते लोक मला मॉरिशसच विकत बसले.

काउंटरवरचा मुलगा नम्र होता, हीच तर अडचण. उद्धट असता तर भांडता तरी आलं असतं.

"मॅडम, दोन्ही एकाच बाजूला येतात. मॉरिशस घ्या ना."

"मला प्राणी बघायचेत."

"तिथेही स्पेशल पक्षी आहे, मॅडम. डोडो."

"डोडो सतराव्या शतकात संपला."

त्याने स्क्रीनवर काहीतरी खाली-वर केलं आणि म्हणाला, "पुतळा आहे ना, मॅडम."

एवढ्यात शेजारच्या खुर्चीतले काका माझ्याकडे वळले. त्यांच्या मांडीवर पारदर्शक फोल्डर होता. त्यात दोन पासपोर्ट, पासपोर्टच्या झेरॉक्स आणि त्या हरवल्या तर असाव्यात म्हणून आणखी झेरॉक्स. पलीकडे काकू, पर्स दोन्ही हातांनी धरून, गप्प.

"ताई, एक विचारू का?" असं म्हणून, मी हो म्हणायच्या आत, काकांनी विचारलंच. "वाघ आहेत का तिथे?"

"नाही."

"सिंह?"

"नाही."

"हत्ती, जिराफ, झेब्रा?"

"काहीच नाही. माकडंसुद्धा नाहीत."

"मग पार्कात तिकीट कसलं लावतात?"

मी लेमूरबद्दल सांगितलं. शंभरावर जाती, आणि मूळचे जगात फक्त तिथलेच. "म्हणजे माकडंच," काका म्हणाले. मी म्हटलं, नाही हो, फार पूर्वी फुटलेली वेगळी शाखा. "म्हणजे जुनी माकडं," असा निकाल देऊन त्यांनी पुढचा प्रश्न काढला. "ती झूमध्ये नाही का मिळत? एवढा खर्च कशाला?"

तेव्हा मला इंद्री नावाचा लेमूर आठवला. अंदासिबेच्या जंगलातला, काळा-पांढरा, शेपटी जवळजवळ नसलेला. सकाळी अख्खं कुटुंब मिळून असा गळा काढतं की दोन-दोन किलोमीटरवर ऐकू जातं. आणि तो पिंजऱ्यात जगत नाही, म्हणून कुठल्याच झूमध्ये नसतो. हे सगळं मी उत्साहाने सांगितलं, कारण मला वाटलं, आता तरी पटेल.

"चूक त्याचीच आहे," काका गंभीरपणे म्हणाले. "ॲडजस्ट करता आलं पाहिजे."

मी हट्टाला पेटले आणि फोनवर आय-आय नावाच्या लेमूरचा फोटो दाखवला. पिंजारलेले केस, वटारलेले डोळे आणि हाताचं मधलं बोट तारेसारखं बारीक. त्या बोटाने तो लाकडावर टकटक करतो, पोकळ आवाज आला की दातांनी भोक पाडतो आणि आतली अळी त्याच बोटाने उपसून काढतो. काही गावांत समजूत अशी की त्याने आपल्याकडे बोट दाखवलं की मरण ओढवतं. हे ऐकून काकांनी थेट माझ्याकडेच बोट रोखलं. "आणि तुम्ही पैसे देऊन याच्यासमोर जाऊन उभ्या राहणार?"

मला खरं तर काकांना सांगायचं होतं की हे बेट परकं नाही. ते आणि आपण सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत एकाच जमिनीचे तुकडे होतो. मग वाटणी झाली, आपण उत्तरेला निघालो ते आशियाला जाऊन धडकलो, ते मागेच राहिलं. लेमूरांचे पूर्वज नंतर आफ्रिकेकडून, बहुधा समुद्रात वाहत आलेल्या झाडझाडोऱ्यावर बसून, तिथे पोचले असं मानतात. त्यांना कोणी "किमान दहा जण झाले तरच" असं बजावलं नव्हतं. मला मात्र बजावलं गेलं. तो मुलगा दोन कागद छापून घेऊन आला. वर 'मादागास्कर स्पेशल', खाली पाच रात्री, कॅटामरान क्रूझ आणि शामारेलची सात रंगांची माती.

"शामारेल मॉरिशसला आहे," मी म्हटलं.

"हो मॅडम, नाव तुमचंच टाकलंय. बाकी सेम आहे. प्रॉपर मादागास्करला दहाचा ग्रुप लागेल."

इथे मला हसू येत नाही. यांच्याकडे सात-आठ देशांची यादी असते, सगळ्यांना तिकडेच गुरांसारखं हाकतात, आणि यादीबाहेरचं काही मागितलं की आपणच विक्षिप्त ठरतो. मादागास्करच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मोरोन्दावाहून त्सिंगीच्या दगडी सुळक्यांकडे जायचं तर सुमारे दोनशे किलोमीटरला अख्खा दिवस लागतो, मध्ये गाडी तराफ्यावर चढवून नद्या ओलांडायच्या, आणि पावसाळ्यात तो रस्ता बंद. हे त्या मुलाला कोणी शिकवलेलंच नाही. त्याचा दोष नाही, मान्य. पण २०२० साली आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेने लेमूरच्या १०७ पैकी १०३ जाती धोक्यात असल्याचं जाहीर केलं. जंगल शेतीसाठी जाळलं जातंय, कोळशासाठी तोडलं जातंय. दहा माणसं जमेपर्यंत काय उरेल तिथे? डोडोसारखाच पुतळा?

हे मी बहुतेक जरा मोठ्यानेच बोलले, कारण ऑफिस शांत झालं. आणि मग काकू पहिल्यांदा बोलल्या.

"त्या पट्टेरी शेपटीवाल्या लेमूरांचं काय गं?"

मी सांगितलं की त्यांच्यात कळपावर माद्यांचा वचक असतो. खायला मिळालं की पहिला मान मादीचा.

"आणि नर?"

"थांबतात, काकू. मध्ये आले तर फटका खातात."

काकूंनी पर्स उघडली आणि चष्मा काढून लावला. काका "चला, आपलं मॉरिशसचं फायनल करू" म्हणाले, पण काकूंनी मान वळवली नाही. कुठल्या महिन्यात जायचं ते विचारलं. मी एप्रिल ते नोव्हेंबर सांगितलं, जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे. त्यांनी ते मॉरिशसच्याच ब्रोशरच्या पाठीमागे लिहून घेतलं.

मग काउंटरकडे वाकून त्या मुलाला म्हणाल्या, "बाळा, सिंगल रूमचे किती जास्त पडतात?"