"जाऊन ये एकदा, आईबापच आहेत ना"

कळकळीची विनंती आहे. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेल्या मुलीला हे वाक्य ऐकवू नका.

डिसेंबर २०२१, वैजापूर तालुक्यातलं लाडगाव. १९ वर्षांची पोर, पोटात बाळ. आठवडाभर आधी आई येऊन भेटून गेली होती. मग आई आणि भाऊ दोघं आले. माहेरची माणसं आली म्हणून पोर चहा ठेवायला आत गेली आणि तिथेच तिच्यावर कोयता चालला. २०१३ मध्ये नाशिकला आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर लेकीला बापाने 'आजी आजारी आहे' सांगून घराबाहेर काढलं आणि रिक्षात तिचा गळा आवळला. त्यामागे जातपंचायतीचा जाच होता. त्यानंतर अंनिसने (अंधश्रद्धा निर्मूलन समितीने) जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली, पुढे सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदाही आला.

आणि आपण म्हणतो, बापाचा राग अनावर झाला! आजारपणाचा बहाणा रागात सुचत नाही हो.

सुरुवात तर फार आधी होते. फोन काढून घेतात, कॉलेज बंद होतं, पोरीला मामाच्या गावी धाडतात, घाईघाईने स्थळ ठरतं. आई म्हणते, "नाही म्हणालीस तर विष खाईन." पोर मान हलवते आणि आपण आहेर घेऊन जेवायला जातो. मला सगळ्यात जास्त चीड या जेवायला जाण्याची येते.

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा फक्त सासरच्यांसाठी आहे असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. २००६ च्या नियमांतल्या हिंसेच्या अहवालाच्या नमुन्यात मनाविरुद्ध लग्न लावणं आणि पसंतीच्या माणसाशी लग्न करू न देणं, दोन्ही हिंसा म्हणून स्पष्ट लिहिलंय. अविवाहित मुलगीही या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करू शकते.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवाऱ्याची सोय करायला सांगितलं. आपल्या गृहविभागाने डिसेंबर २०२४ मध्ये त्याची कार्यपद्धतीही काढली. तरी पोलीस ठाण्यात अजून समजूत काढायला आईबापांनाच बोलावतात. अशा मुलीसोबत गेलात तर विशेष कक्षाचं नाव घ्या, सज्ञान मुलीचा जबाब घरच्यांना बाहेर ठेवून घ्यायला लावा. मदतीसाठी फोन करायचा तर, अल्पवयीन असेल तर १०९८ (मुलांसाठी), नाहीतर ११२ (पोलीस) किंवा १८१ (महिलांसाठी). आणि तिचा नवा पत्ता कुणालाही देऊ नका, फोनवर रडणाऱ्या आईलासुद्धा.