‘जगातला पहिला थ्रीडी गेम, तोही 1 केबीत’? नाही

‘सिंक्लेअर झेडएक्स81 या जुन्या घरगुती काँप्युटरवरचा थ्रीडी मॉन्स्टर मेझ हा जगातला पहिला थ्रीडी गेम. अवघ्या 1 केबी मेमरीत चालायचा. ग्राफिक्स मात्र इतके ओबडधोबड, की घाबरण्यासारखं काहीच नाही.’ जुन्या गेम्सचा विषय निघाला की हे हमखास ऐकवलं जातं. भुलभुलैयात टी-रेक्स डायनोसॉरपासून पळण्याचा हा गेम मला मनापासून आवडतो, म्हणूनच हे खटकतं.

पहिला? मुळीच नाही. माल्कम इव्हान्स यांनी तो 1981 मध्ये लिहिला. त्याआधी 1973-74 मध्येच नासाच्या एम्स संशोधन केंद्रात इम्लॅक नावाच्या काँप्युटरवर मेझ वॉर हा गेम खेळला जात होता, आणि त्यातही खेळाडूच्या नजरेतूनच भुलभुलैया दिसायचा. अटारी कंपनीचा बॅटलझोनही 1980 चा. घरगुती काँप्युटरवरच्या अगदी सुरुवातीच्या थ्रीडी गेम्समध्ये मॉन्स्टर मेझचं नाव जरूर घ्या.

आता 1 केबी, म्हणजे 1024 बाइट. 32 बाय 24 अक्षरांचा भरलेला पडदाच, ओळींच्या खुणा धरून, 793 बाइट खातो, सिस्टिम व्हेरिएबल्सना, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या नोंदींना, 125 लागतात. उरतात 106. प्रत्येक डावाला नव्यानं तयार होणारा 16 बाय 18 चा भुलभुलैया एवढ्यात मावेल कसा? गेमला 16 केबीचा रॅम पॅक, म्हणजे जादा मेमरीचा डबा, लागायचा. तो काँप्युटरच्या मागे खोचायचा, आणि बसायचा इतका डगमगता, की नुसत्या धक्क्यानंही मशीन बंद पडून चालू डाव जायचा.

राहिली भीती. ठोकळे होते, कबूल. रंग नाही, आवाजही नाही. पण टी-रेक्स आधी बोळाच्या टोकाला लहानसा दिसतो, एकेक पाऊल टाकत मोठा होतो आणि शेवटी जबड्यानं पडदा व्यापतो. त्याहून भारी आहे ती मजकुराची ओळ. आधी ‘रेक्स दबा धरून बसलाय’, मग ‘पावलं जवळ येताहेत’. स्पीकरच नसलेल्या मशीनवर पावलं ऐकू येतात ती अशी, वाचून! दिसतं फक्त समोरचं. मागे बघायचं तर दोनदा वळावं लागतं, आणि तेवढ्यात तो गाठतो. म्हणून ‘पळ, तो मागेच आहे’ ही ओळ उमटली की खात्री करून घ्यायलाही सवड नसते. ग्राफिक्स सुधारले असते, तरी या ओळीची जागा त्यांना घेता आली नसती. ठोकळ्यांचा एखादा स्क्रीनशॉट पाहून निकाल देणाऱ्यांनी एकदा एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, दिवे घालवून खेळून बघावं.