होडीचे कान टोचताना

कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, अंगाने हलकी आणि स्वभावाने तिरसट होडी. आमची 16 फुटी, लाल, कोणाच्या तरी गॅरेजमधून स्वस्तात उचललेली, रॉयलेक्स नावाच्या प्लास्टिकची. हे रॉयलेक्स 2014 च्या सुमारास बनायचंच बंद झालं, त्यामुळे इथे कॅनडात, ओटावातला कोणीही जाणकार तिच्यावरून हात फिरवतो आणि ‘जपून वापर हो’ म्हणतो. अशा होडीला मी ड्रिलने चार भोकं पाडायला निघालो होतो. घरात पडसाद उमटले.

कारण सांगतो. नदीत खळाळ लागला की एक तर देवावर हवाला ठेवून वल्हवत जायचं, नाहीतर कनू डोक्यावर घेऊन डासांना जेवू घालत जंगलातून चालायचं. तिसरा मार्ग म्हणजे तिच्या दोन्ही टोकांना दोऱ्या लावून आपण काठाकाठाने चालायचं आणि तिला एकटीलाच पाण्यातून सोडायचं. पहिल्याला बायकोचा नकार, दुसऱ्याला माझ्या कमरेचा. राहिली दोरी. ती वरच्या कडीला बांधली, तर आपण वरचं अंग काठाकडे ओढतो आणि प्रवाह खालचं अंग भलतीकडे. होडी कलंडते आणि बघता बघता शेकडो किलो पाणी आत. म्हणून दोरी खाली, पाण्याच्या रेषेच्या जेमतेम वर हवी. त्यासाठी तिथे आरपार भोकं, त्यांत नळी, नळीच्या कडा इपॉक्सीने, म्हणजे घट्ट सुकणाऱ्या गोंदाने, बंद. दोरी नळीतून जाते, होडीत थेंब येत नाही.

“होडीच्या पोटाखालून दोरीचा फास घेतला तरी चालतं म्हणे,” बायकोने मोबाइलमधून मान वर न करता सांगितलं. चालतं. पण तो दर वेळी नव्याने बांधा, गाठ बरोबर तळाखाली आली का बघा... शिवाय ड्रिल विकत घेऊन झालं होतं. नवीन ड्रिल घरात आल्यावर माणूस गाठी शिकत बसत नाही.

पाण्याची रेषा ठरवायला सामानासकट तळ्यावर गेलो. ही रेषा बसणाऱ्यांच्या वजनावर ठरते, हे मी शास्त्र म्हणून सांगितलं. बायको पुढच्या टोकाला बसली होती. पुढचं टोक जरा जास्तच खाली गेलंय, हेही मी शास्त्र म्हणूनच सांगितलं. येताना गाडीत फक्त रेडिओ बोलत होता.

तेवढ्यात सांगलीहून आईचा व्हिडिओ कॉल. “अरे, होडीला भोक? कृष्णेकाठी वाढलास ना तू?” मी लगेच अजिंठा काढला. तिथल्या चित्रावरून आपल्या नौदलाने ‘कौंडिण्य’ नावाचं शिवलेलं जहाज करून घेतलं, 2025 मध्ये कारवारला दाखलही केलं. त्याच्या फळ्या चक्क भोकं पाडून काथ्याने शिवल्यात. इथले, कॅनडातले मूळनिवासीसुद्धा भूर्जाच्या सालीची कनू स्प्रूसच्या मुळांनी शिवायचे आणि वर राळ फासायचे.

“त्यांनी शिवलं,” आई म्हणाली. “तू नुसतीच भोकं पाडतोयस.”

सोनारानेच कान टोचावेत, म्हणून शेजारच्या आजोबांना बोलावलं. त्यांचं आयुष्य नद्यांवर गेलंय. बाळाच्या कान टोचणीला आई जशी आतल्या खोलीत जाऊन उभी राहते, तसा मी फ्रीजपाशी जाऊन उभा राहिलो. आजोबांनी हाक मारून परत आणलं आणि पलीकडून टॉर्च धरायला लावला, कारण दोन्ही भोकं समोरासमोर आली नाहीत तर नळी तिरकी बसते. आधी बारीक बिट, मग जाड. लाल कीस गोल गोल वळत खाली पडला, मग आतल्या फोमचा फिकट भुसा, आणि एकदम ड्रिलचा आवाज बदलून टोक आत आलं. आजोबांनी भोकाला डोळा लावला. पलीकडून माझा डोळा दिसला असावा. “सरळ आहे,” म्हणाले. मग नळीची कड कानशीने गोल करत बसले, दोरी कापली जाऊ नये म्हणून. इपॉक्सी मात्र मला लावू दिलं. ते माझ्या शर्टावर अजून आहे.

ऑगस्टमध्ये अल्गोन्क्विनच्या जंगलात पेटावावा नदीवर परीक्षा झाली. कनू इतकी शहाण्यासारखी उतरली की बायकोने फोटो काढला. शेवाळलेल्या दगडावरून मी तेवढा घसरलो आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसलो.

“दोरी सोडू नकोस!” ती जिवाच्या आकांताने ओरडली. आमचं सगळं जेवण कनूत होतं.