चमचा उलटा करू नका!

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गंजक्या कुलुपांच्या ढिगात काळपट चमचा दिसला, तर पहिला नियम पाळा: तो उलटा करू नका. धातू कोणता हे सांगणारे ठसे दांड्याच्या पाठीला असतात, आणि कथेचा विचका ठशांइतका कुणीच करत नाही. विकणारा सांगतोय ना, हा कुठल्याशा भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, वाड्यातला म्हणून? झालं तर!

उलटलाच आणि ‘ई.पी.एन.एस.’ दिसलं, तर ती घराण्याची आद्याक्षरं समजा. गोव्यात चार नावांशिवाय कोण खानदानी असतं? कुणी शहाणा म्हणेल, हा निकेलमिश्र धातूवर विजेनं चढवलेला चांदीचा मुलामा, बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननं १८४० मध्ये पेटंट घेतलेला. ऐकू नका. शेजारी ‘ए-वन’ असेल तर दुधात साखर. ती मुलाम्याच्या जाडीची खूण असते, तुम्ही शुद्धतेची म्हणा.

चुंबक जरूर लावा. चिकटला नाही? मग चांदीच! पितळही चिकटत नाही, आणि नावापुरती ‘सिल्व्हर’ असलेली, चांदी औषधालाही नसलेली जर्मन सिल्व्हरही नाही. पण पाहुण्यांना हे कशाला सांगायचं?

पाऊल उचललेला सिंह दिसला, तर बेलाशक पोर्तुगालच्या राजाचा म्हणून दाखवा. इंग्रज तो १५४४ पासून स्टर्लिंगवर, म्हणजे हजारी ९२५ चांदीवर मारत आलेत, ते सोडा. खुद्द पोर्तुगालचा ठसा १८८७ ते १९३७ पर्यंत रानडुकराचं मुंडकं होता, नंतर गरुड आला. वर ८३३ असेल तर चांदी स्टर्लिंगहून हलक्या प्रतीची. एवढ्या पैशांत डुक्कर कोण मिरवणार!

आणि घासा, दणकून घासा. आमच्या मावशीकडे असा एक चमचा होता. डुकराचं मुंडकं तिळाएवढं, दिसण्याआधी नखाला लागायचं. दर चवथीला तिनं चिंच लावून राखेनं असा काही लखलखीत केला, की आता तिथं नुसता गुळगुळीत खळगा. ‘तरी हात काळे होतात मेल्यानं,’ ही तक्रार वर. अंडं खाल्लं की चांदी काळवंडते, गंधकामुळे, हे मी सांगितलं, तर तिनं मला अंडंच वाढणं बंद केलं.

शेवटी शेटकडे, म्हणजे सोनाराकडे, नेला. त्यानं कसोटीवर रेघ ओढली, तेजाबाचा थेंब सोडला, काटा पाहिला.

“चांदी आहे. मोडीत देता?”

मावशीनं चमचा पदरात गुंडाळला. संध्याकाळी ती त्यानं पेज ढवळत होती.